वीस बाय तीसची माणसं

आमच्या थोरल्या साडूंनी दुसऱ्यांच्या मरणाची जेवढी काळजी वाहिली, तेवढी अख्ख्या पेडणे तालुक्यात कुणी स्वतःच्या जगण्याचीही वाहिली नसेल. विम्याचे एजंट ही काळजी वाहतात खरे, पण त्यांची काळजी हप्ता चुकला की संपते. साडूंची कधी संपली नाही. त्यांना तुमच्याकडून फक्त फोटो हवा असे. तोसुद्धा आज बघून कौतुक करायला नव्हे, तर तुम्ही गेल्यावर भिंतीवर लावायला. लग्नात, बारशात, देवळातल्या पालखीला, कुठेही भेटले की ते आधी तुमच्या तोंडाकडे बघत, मग वर बघून उजेडाचा अंदाज घेत आणि म्हणत, "तुझो उजवो गाल बरो. एक दिस सवडीन बसूया." माझ्या लग्नात त्यांची-माझी पहिली ओळख झाली ती याच वाक्यानं. मी ते माझ्या रूपाचं कौतुक समजलो आणि दिवसभर उजवा गाल पुढे करून मिरवलो. संध्याकाळी बायकोनं खरा अर्थ सांगितला, तेव्हा ताटातली जिलबी घशाखाली उतरेना.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी सर्वणच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. थोरली तुयेला दिली, धाकटी डिचोलीत माझ्या पदरात पडली. बायको बहिणीला बाय म्हणते आणि मेहुण्यांना भाई, म्हणून मीही तेच म्हणत आलो. भाई तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. उंच, वाळके, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चाल अशी, की पुढे प्रेतयात्रा निघून गेली आहे आणि हे मागे पडलेत. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. मूलबाळ नव्हतं. गोवा राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि भाषेवरून घराघरांत पेटलेली भांडणं अजून पुरती विझली नव्हती. एकाच सोप्यावर बसून दोन सख्खे भाऊ दोन भाषांतली दोन वर्तमानपत्रं वाचत आणि जेवायला वेगवेगळ्या वेळी उठत. भाईंना कुणी त्या वादात ओढू बघितलं तर ते एवढंच विचारत, "भिंतीवयलो माणूस खंयच्या भाशेंत उलयता?" 

हे वेड त्यांना वडलांमुळे लागलं. आमच्याकडे जिवंत माणसाचा मोठा फोटो भिंतीवर लावत नाहीत. जिवंत माणसं आल्बममध्ये, फार तर कपाटाच्या काचेआड. भिंत देवांची आणि गेलेल्यांची. माणूस गेला की मात्र बाराव्याला हार घालायला मोठा फोटो हवाच, आणि मग घरात शोधाशोध सुरू होते, कारण हयातीत त्या माणसाला कुणी कॅमेऱ्यासमोर बसवलेलं नसतं. भाईंच्या वडलांचा म्हणून सगळ्या घरात एकच फोटो निघाला, कुणाच्या तरी लग्नातला, मोठ्या घोळक्याचा. म्हापशाच्या एका स्टुडिओवाल्यानं त्यातून वडलांचं तोंड कापून मोठं करून दिलं. पण शेजारच्या कुणीतरी लाडानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला होता आणि तो हात काही कापता आला नाही. त्यामुळे भिंतीवर वडील धुक्यातून बघितल्यासारखे पुसट, आणि खांद्यावरची परकी बोटं मात्र अंगठीसकट ठसठशीत. हात कुणाचा, यावर भावकीत पुष्कळ खल झाला. ज्यांचा असू शकत होता त्या सगळ्यांनी कानावर हात ठेवले. भाईंची आई रोज तिन्हीसांजेला उदबत्ती ओवाळताना पुटपुटायची, "तुमका, आनी तुमच्या त्या सोबत्याक." ते ऐकून ऐकून भाईंच्या डोक्यात काहीतरी हललं असावं. आपल्या ओळखीतलं एकही माणूस असं उसन्या तोंडानं आणि परक्या हातानं भिंतीवर जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि आखातातून परतलेल्या शेजाऱ्याकडून दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून आत डोकावायचा कॅमेरा घेतला.

दर रविवारी सकाळी ते सायकलच्या कॅरियरला स्वतःची कदेल बांधून निघत. लोकांच्या घरातल्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांत माणूस रुततो, आणि रुतलेला माणूस फोटोत आजारी दिसतो, म्हणून बसायला आपलीच कदेल. हँडलला पिशवी, पिशवीत राखाडी चादर, वस्तरा, फणी आणि खोबरेलाची बाटली. एखाद्या म्हाताऱ्याला गाठायचं, पडवीत बसवायचं, त्याची दाढी करायची, तेल लावून केस बसवायचे, मागे खिळ्यांना चादर अडकवायची, आणि मग तोंड कसं करायचं याचा धडा द्यायचा. "हसू नकात, रडू नकात. सोयरे आयल्यात, च्या चुलीर आसा, असां तोंड करा." म्हातारी माणसं बिचारी गोंधळत. मोप्याच्या सड्यावरच्या एका आजीनं हे ऐकून खरंच उठून चहा टाकला आणि भाईंना तो प्यावा लागला, तोवर उजेड गेला. पण या तोंडामागे त्यांचा विचार होता. भिंतीवरच्या माणसाला घरच्यांनी वर्षानुवर्षं रोज बघायचं असतं. तेव्हा त्यानं तिथून रागावू नये, उपदेश करू नये, आणि मुख्य म्हणजे आपल्या मरणाचं भांडवल करू नये, असं ते म्हणत. हा विचार मला अजूनही पटतो. माझ्या स्वतःच्या काकांचा फोटो आमच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षं मला नापास झाल्यासारखा बघतो आहे.

मोठे फोटो काढून घ्यायला म्हापशावरचा त्यांचा विश्वास उडालेला होता. पणजीला धंदेवाईक फोटोग्राफरांसाठी चालवलेली एक कलर लॅब होती. तिथं वीस बाय तीस इंचाचे, म्हणजे खिडकीच्या झडपेएवढे फोटो निघत आणि इतके स्वच्छ, की भुवईचे केस मोजावेत. पण लॅब पडली प्रोफेशनल, ती ऑर्डर घेणार फक्त स्टुडिओवाल्यांची. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "स्टुडिओ खंयचो?" भाई मुकाट्यानं परतले, म्हापशाला रबरी शिक्का करायला टाकला आणि पुढच्या आठवड्यात 'अबोली फोटो स्टुडिओ, तुये' असा शिक्का मारलेल्या पाकिटात निगेटिव्ह घालून हजर झाले. नाव बायनं दिलं होतं. भाई विचारायला गेले तेव्हा ती अबोलीचा वळेसर गुंफत बसली होती, आणि तिनं मान वर न करता हातातल्या फुलाचं नाव सांगितलं. स्टुडिओ असा नव्हताच. एक शिक्का, एक कदेल आणि बायची चादर मिळून जे काय होईल तेवढंच.

मांडवीवरचा पूल तेव्हा पडलेला होता आणि नवा व्हायचा होता, त्यामुळे बेतीहून फेरीबोट. त्या फेरीबोटीवरून लांब पुठ्ठ्याची नळी बंदुकीसारखी खांद्याला लावून उभे असलेले भाई पुष्कळांच्या ओळखीचे झाले होते. एकदा एका पोलिसानं हटकलं, "आंत कितें आसा?" भाई म्हणाले, "मनीस." त्या उत्तरानं त्यांची एक फेरी चुकली. लॅबमध्ये त्यांचे नियम ठरलेले. कागद मॅट हवा, कारण चकचकीत कागदात समोरची ट्यूबलाइट दिसते आणि माणूस दिसत नाही. भोवती पांढरी किनार नको, किनारीनं माणूस लांब गेल्यासारखा वाटतो. फोटो गुंडाळायच्या आधी ते भिंग लावून कानापासून कानापर्यंत तपासत आणि मागची रांग ताटकळत राही. काउंटरवरचा माणूस मडगावकडचा, जाड चष्म्याचा, तोंडात सदा दात कोरायची काडी. राखाडी चादरीसमोरची ही म्हातारी तोंडं बघून बघून त्याला या स्टुडिओच्या धंद्याचा अंदाज आला होता. प्रत्येक निगेटिव्ह उजेडाला धरून माणूस अजून जिवंत आहे ना याची तो आधी खात्री करी, "पात्रांव, हो जितो?" भाई म्हणत, "जितो." "बरें," म्हणून तो पाकिटावर सही करी. त्यांची मैत्री एवढ्याच बोलण्यावर कित्येक वर्षं टिकली.

गंमत अशी, की ज्याचा फोटो त्याला तो बघायला मिळत नसे. हा भाईंचा कायदा, आणि तो एका निवृत्त मास्तरांमुळे झाला. सुरुवातीच्या काळात भाईंनी भोळेपणानं त्यांना त्यांचा फोटो दाखवला. मास्तरांनी तो तासभर न्याहाळला आणि डावा कान लहान करून आणायला सांगितलं. भाईंनी लॅबमध्ये विचारलं, लॅबवाल्यानं हात जोडले. पण मास्तर ऐकेनात. रोज कारखान्याच्या फाटकाशी येऊन कानाची चौकशी करत. शेवटी ते गेले, आणि बाराव्याला फोटोत त्यांचा तो कान बघून भाईंना दरदरून घाम फुटला. तेव्हापासून लॅबमधून आलेली नळी माडीवरच्या खोलीत जाई आणि बाराव्याच्या घरीच उघडे. गावानं त्या खोलीला चित्रगुप्ताचं ऑफिस असं नाव ठेवलं. भांडणात लोक एकमेकांना म्हणत, "ज्यास्त बोलू नको, तुझो फोटो भाईगेर तयार आसा." निवडणुकीचा एक उमेदवार आपला मोठा फोटो नाक्यावर लावायला म्हणून भाईंकडे आला. भाईंनी त्याला कदेलीवर बसवलं, चादर लावली, तेलाची बाटली काढली, आणि तेवढ्यात कुणीतरी त्या कदेलीची कीर्ती त्याच्या कानात सांगितली. तो जो उठला, तो चपला घालायलाही थांबला नाही. भाईंना कॅमेरा घेऊन येताना बघून म्हातारी माणसं आजारी असली तर उठून बसत आणि धडधाकट असली तर अंथरूण धरत. भाई त्यांना झिडकारत. "फोटोन माणूस मरता, तर डॉक्टर कित्याक व्हये?"

बाय म्हणजे भाईंची नेमकी उलटी बाजू. बुटकी, गोल, तोंडाळ, आणि हसायला लागली की पदर तोंडात कोंबावा लागे. भाई जेवढे लोकांच्या मरणाच्या तयारीत, तेवढी ती त्यांच्या जगण्याच्या चौकशीत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची गाय व्याली, सगळं तिला ठाऊक. त्या राखाडी चादरीला म्हाताऱ्यांच्या डोक्याचं तेल लागे, ते ती दर सोमवारी धुऊन काढी आणि धुताना म्हणे, "आज कोणाचा डोक्यां माज्या हातात आसा, देव जाणां." पण स्वतःचा फोटो ती काढू देत नसे. भाई दर दसऱ्याला विषय काढत आणि ती दर दसऱ्याला उडवून लावी. "माका भिंतीर बसूक वेळ नाय." पण मला माहीत होतं, गावातली सगळी तोंडं त्या माडीवर जमा करून ठेवलेल्या या माणसाला एकच तोंड हवं होतं आणि तेवढंच मिळत नव्हतं. त्यांच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नव्हता, त्याची गाडी बंद पडली होती. बाय उद्या गेली असती तर तिच्यासाठीही कुणाच्या तरी घोळक्यातून तोंड कापावं लागलं असतं. ही भीती भाईंनी मला एकदाच बोलून दाखवली आणि लगेच विषय बदलून ते पावाच्या आकाराबद्दल बोलायला लागले.

मग बायच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरचे काढे, मग म्हापसा, मग बांबोळीचं मोठं इस्पितळ. तिथं डॉक्टरांनी भाईंना बाहेर बोलावून घेतलं. माणसाला बाहेर बोलावून काय सांगतात, हे आत खाटेवर राहिलेल्याला आधी कळतं. बाय घरी आली ती निम्मी होऊन. हसणं तेवढं तसंच होतं, फक्त आता पदर कोंबायची गरज पडत नसे.

एका रविवारी मी आणि बायको तुयेला गेलो होतो. सकाळची न्याहारी झाली आणि बाय भिंतीचा आधार घेत आतून बाहेर आली. अंगावर हिरवी साडी, डोक्यात अबोली. भाईंना म्हणाली, "कदेल हाडा. आज उजेड बरो आसा." भाई जागचे हलेनात. ती म्हणाली, "काडा आता काय काडूचो तो. पण एक सांगतंय. मोठो करून हाडल्यार आदी माका दाखवूक व्हयो. तुमचो कायदो माका सांगू नकात. मेल्यार मागीर मी खंय बघूक येतलंय? माका जितेपणीच बघूचो आसा, मी भिंतीर कशी दिसतलंय ती." भाई म्हणाले, "बरां." बस्स, एवढंच.

आयुष्यभर लोकांना तोंड कसं करायचं ते शिकवणाऱ्या या माणसाला त्या सकाळी एक शब्द सुचला नाही. चादर मी लावली. बायनंच विचारलं, "कसां तोंड करू? सोयरे आयल्यात तसां?" भाईंनी कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली आणि ती बराच वेळ वर काढली नाही. त्या कॅमेऱ्याच्या वरच्या काचेवर पाणी पडलं की आतलं काही दिसत नाही. त्यांनी काच शर्टाच्या टोकानं पुसली, परत डोकावले, परत पुसली. शेवटी बाय म्हणाली, "पुरे झालां, च्या ऊतू गेली." तेव्हा कुठे बटण दाबल्याचा आवाज आला. माझी बायको तोवर विहिरीवर निघून गेली होती.

निगेटिव्ह घेऊन पणजीला जाताना भाईंनी मला सोबत नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सोबत मागितली. काउंटरवरच्या माणसानं नेहमीसारखी फिल्म उजेडाला धरली, काडी या गालातून त्या गालात नेली आणि विचारलं, "पात्रांव, ही जिती?" मागे रांग होती. त्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "जिती," भाई म्हणाले, आणि थोडं थांबून, "बायल माजी." त्यानं तोंडातली काडी काढून खिशात ठेवली. फिल्म पाकिटात घातली, पाकीट इतरांच्या ढिगावर न टाकता वेगळं ठेवलं आणि म्हणाला, "हांव स्वता करतां." परतताना फेरीबोटीवर भाई माझ्या शेजारी उभे होते, पण त्या दिवशी खांद्याला लावायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

फोटो आला तेव्हा ते एकटेच जाऊन घेऊन आले, आणि तुयेला न जाता तडक डिचोलीला आमच्या दारात उभे राहिले. नळी दोऱ्यानं घट्ट बांधलेली. "बरा आलाय?" मी विचारलं. त्यांनी काउंटरवर तो उघडून बघितलाच नव्हता. भुवईचा केस न केस तपासणाऱ्या माणसानं सही केली आणि नळी उचलली. "तुमगेर दवर," ते म्हणाले, "घरा नको." मी म्हटलं, "भाई, बाय वाट बघता आसतली." तेव्हा ते पायरीवर बसले. "आजपर्यंत जी जी नळी उघडली, ती मेल्ल्या घराच उघडली. माज्या हाताक दुसरी सवय नाय. तिच्या मुखार उघडूक गेलो, आनी..." फोटोनं माणूस मरतो तर डॉक्टर कशाला, असं गावभर सांगणारा हा माणूस. त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवावं असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्यांचे हात बघितले आणि नळी घेऊन कपाटावर ठेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी भाई कारखान्यातून घरी आले की बाय आतून विचारी, "आयलो?" आणि भाई सांगत, "नाय. मोठो कागद मुंबयसून येवंक नाय." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की त्यातही प्रामाणिकपणे काम करतो. भाईंनी त्या कागदाला रोज थोडं पुढे सरकवलं. मुंबईत लॉरीत चढवला, मग कोल्हापूरला लॉरी बिघडली, मग आंबोलीचा घाट उतरायला दोन दिवस गेले, मग सावंतवाडीत ड्रायव्हर बहिणीकडे राहिला. मी आणि बायको भेटायला जात असू तेव्हा बाय आम्हाला कागदाची खबर सांगी. "आता सावंतवाडेक पावला. लागींच आयलो." आणि भाईंकडे बघे. भाई जनेलातून बाहेर बघत. मला आता वाटतं, तो कागद ते उगाच पुढे आणत नव्हते. त्याच्याबरोबर ते स्वतःही एकेक मुक्काम धीर करत पुढे येत होते. कागद गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या चेकनाक्यावर पोचल्याचं त्यांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाई चहा घेऊन आत गेले तेव्हा बाय गेलेली होती.

बाराव्याला नळी मी नेली. दोरा भाईंनीच सोडला, कारण तेवढं काम त्यांच्या हातांना पाठ होतं. लॅबवाल्यानं शब्द पाळला होता. इतका सुंदर फोटो त्या माडीवरून कधी खाली आला नव्हता. आजारातली बाय, गळ्याची हाडं दिसत होती, पण डोळे असे, की आत्ता काहीतरी बोलून लोकांना हसवील. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. बघत होती ती कॅमेऱ्यावर वाकलेल्या भाईंच्या टकलाकडे, आणि ते बघताना तिला हसू आवरत नव्हतं. येणारं प्रत्येक माणूस हार घालायला पुढे होई आणि आधी थोडंसं हसून मग डोळे पुसी. भाई तिथं उभेच राहिले नाहीत. ते पडवीत जाऊन बसले.

मंडळी पांगल्यावर माझ्या बायकोला राहवेना. ती त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. "भाई, बायक म्हायत होतां. फोटो आमगेर आसा, मीच तिका सांगलां. हाडून दाखवतंय म्हटलां. ती नको म्हणाली."

भाईंनी मान वर केली. "कित्याक?"

"म्हणाली, माका बघूचो आसा, पण हेंच्या हातातसून. भियेतत ते. भियेंदेत. आज नाय तर फाल्यां दाखवतले. म्हणून रोज विचारी."

अंगणात राखाडी चादर दोरीवर वाळत होती, ती कुणी धुतली होती कोण जाणे. चादरीकडे बघत भाईंनी मला विचारलं, "पत्रादेवीसून हय येवंक कितकोसो वेळ लागता रे?" अर्ध्या तासाची वाट. त्यांनाही माहीत होती.

आम्हाला वाटलं, आता कॅमेरा सुटला. सुटला नाही, पण कायदा मोडला. पुढच्याच रविवारी भाईंनी माडीवरच्या सगळ्या नळ्या खाली आणल्या, सायकलला बांधल्या आणि घरोघर फिरायला निघाले. एका घरी मी त्यांच्याबरोबर होतो. म्हातारी ओट्यावर बसली होती. सायकल बघून तिनं आधी देवाचं नाव घेतलं. भाईंनी काही न बोलता दोरा सोडला, फोटो उलगडला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर उंच धरून उभे राहिले. एवढ्या मोठ्या कागदाच्या मागे ते दिसेनासे झाले. म्हातारी आधी बघायला तयार नव्हती. मग तिनं डोळे बारीक केले. मग सुनेला हाक मारून चष्मा मागवला. स्वतःचं कपाळ बघितलं, नथ बघितली, गालावरचा तीळ बघितला.

"इतकी म्हातारी झालंय मी?"

"झालात," कागदामागून भाई म्हणाले.

ती अजून थोडा वेळ बघत राहिली. ऊन ओट्यावर चढत आलं होतं आणि कागद कडेनं थरथरायला लागला होता. "पुरे रे बाबा, सकयल धर. हात दुखतले तुजे."

"दुखूं देत," भाई म्हणाले. "तुमी बघा. सावकाश बघा."